आठ बाय छप्पन

आमचे खातेप्रमुख हेर (म्हणजे श्रीयुत) आयझेले ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार हे आम्हाला तीन वर्षांपासून ठाऊक होतं. जर्मनीत निवृत्तीची तारीख जन्मतारखेइतकीच पक्की असते. तरी त्यांना निरोपाची भेट काय द्यायची हा प्रश्न उपटला तो सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, ऑफिसातल्या कॉफीच्या खोलीत, आलुबुखाराचा केक खाताना. हेर आयझेले शिकारी आहेत. म्हणजे लायसन्सवाले, हिरवी टोपी घालणारे आणि सोमवारी सकाळी रानडुकरांविषयी बोलणारे. तेव्हा दुर्बीण द्यावी, आणि ती उत्तमातली उत्तम द्यावी, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं. मग "कोणती?" हा प्रश्न आला आणि नऊ माणसांनी एकदम केकमध्ये तोंड घातलं.

शेवटी फ्राऊ (म्हणजे श्रीमती) श्टाइन म्हणाल्या, "आल्झो, तर मग, हेर रामटेके व्हॅलिडेशनमध्ये आहेत. त्यांनी दोन-तीन दुर्बिणी तपासाव्यात आणि आपल्याला सांगावं."

हेर रामटेके म्हणजे मी, उज्ज्वल रामटेके. मोटारींचे हेडलाइट बनवणाऱ्या कंपनीत गेली अकरा वर्षं हेडलाइट तपासतो. या अकरा वर्षांत कॉफीच्या खोलीत मला विचारले गेलेले प्रश्न तीन: समोशात काय असतं, भारतात आत्ता किती वाजलेत, आणि हे फार तिखट आहे का. माझं तांत्रिक मत चारचौघांत मागितलं जाण्याची ही पहिलीच खेप. मी घास गिळायच्या आत "जा, गेर्ने" म्हणून मोकळा झालो. म्हणजे "हो, आनंदानं." जर्मनमध्ये मी आजवर केलेल्या चुकांपैकी व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष अशी ही एकच चूक.

घरी आल्यावर क्रांतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, शांतपणे विचारलं, "तू आजवर दुर्बिणीतून कधी बघितलंयस का रे?"

मी म्हटलं, "टेस्ट इंजिनिअरला वस्तू वापरता यावी लागत नाही. तपासता यावी लागते."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये शिरली. ती संशोधक आहे. एखादा प्रयोग फसणार हे दिसत असलं तरी तो पूर्ण होऊ देण्याची तिला सवय आहे.

माझे सासरे, दीनानाथ खोब्रागडे, त्या दिवसांत आमच्याकडे त्सुफेनहाउझेनला राहायला आले होते. गोंदियाकडच्या जंगलात चौतीस वर्षं वनखात्यात काढून वनपाल म्हणून निवृत्त झालेले. उंच, सडसडीत, बोलणं कमी. घरातदेखील असे चालतात की मागे येऊन उभे राहिलेले कळत नाही. त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली.

"शिकाऱ्यासाठी दुर्बीण?"

"हो बाबा. इथं कायदेशीर असते शिकार. सरकारच परवानगी देतं."

"आमची सारी नोकरी शिकारी पकडण्यात गेली, अन् तुम्ही त्यांना बक्षीस देऊन राहिले," ते म्हणाले. पण उठून गेले नाहीत. माझ्या तपासणीच्या तक्त्यात डोकावत खुर्ची पुढे ओढून बसले.

तक्ता हा माझा प्रांत. एक्केचाळीस निकष लिहून काढले होते. प्रतिमेची स्पष्टता, कडांवरचा रंग, अंधुक उजेडातली कामगिरी, चष्मा लावून बघण्याची सोय, पाऊस, धुकं, वजन, पट्टा मानेला काचतो का, आणि हातमोजे घालून फोकसचं चाक फिरतं का. एक्केचाळिसावा निकष "एकूण समाधान" असा होता. जर्मन लोकांना तो सगळ्यात कमी आवडणार याची कल्पना होती, पण चाळीस हा आकडा मला संशयास्पद वाटला.

डार्मश्टाटहून मयुरेशचा फोन आला. मयुरेश माझा मित्र, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूविषयी पाच व्हिडिओ पाहिलेला. "अरे, सरळ बारा पटवाली घे. आठ पट काय घेतोस? जितकं जास्त तितकं चांगलं." हात जितका हलतो त्याच्या बारा पट चित्र हलतं, हे मी त्याला समजावलं. त्यावर तो म्हणाला, "मग ट्रायपॉड घे." शिकारी माणूस झाडीत ट्रायपॉड कुठे लावणार, असं विचारल्यावर म्हणाला, "मग ड्रोन का देत नाही?" त्यानंतर माझं नेटवर्क गेलं. ते मी घालवलं.

गावातल्या एका दुकानदारानं मला तीन दुर्बिणी आठवडाभर वापरून बघायला दिल्या. इथं महागड्या दुर्बिणी अशा देतात. त्याआधी तीन फॉर्म भरून घेतात आणि आपल्याकडे असं बघतात, की जणू दुर्बीण दत्तक चालली आहे. तिन्हींवर आकडे होते: दहा बाय बेचाळीस, आठ बाय बेचाळीस आणि आठ बाय छप्पन. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तितका संधिप्रकाशात उजेड जास्त, आणि शिकारीचं बरंचसं काम संधिप्रकाशातच. म्हणून आठ बाय छप्पन ही शिकाऱ्यांची लाडकी. वजन सव्वा किलो. गळ्यात घातली की माणूस आपोआप नम्र होतो.

घरी आणून टेबलावर ठेवल्या आणि मी हात धुवायला गेलो. परत येतो तो बाबा आठ बाय छप्पनच्या भिंगावर तोंडानं हा-हा करून ती मफलरनं पुसत होते. मी ओरडलो. भिंगावर कसले कसले सूक्ष्म थर दिलेले असतात, ते पुसायला खास कापड असतं, त्या कापडाची वेगळी डबी असते.

"धूळ होती," बाबा म्हणाले.

"बाबा, अहो, ती नवी आहे!"

"नव्यावरच दिसते धूळ."

तक्त्यात बेचाळिसावा निकष घातला: मफलर सहन होतो का. निकाल: हो.

पहिली चाचणी बाल्कनीतून. लांबचा बारीक मजकूर वाचता येतो का हे बघायचं होतं. समोरच्या इमारतीच्या दारावर नावांच्या पट्ट्या आहेत. त्या मी दहा बाय बेचाळीसमधून वाचत होतो आणि बाबा शेजारी उभे राहून दुसरीतून स्वतंत्र पाहणी करत होते, मोठ्यानं. "तिसऱ्या माळ्यावरच्या बाईनं कुंडीत प्लास्टिकची फुलं लावली आहेत. त्याच्या खालचा माणूस सकाळपासून एकच पान वाचून राहिला. त्याला काहीतरी चिंता आहे."

दुसऱ्या दिवशी जिन्यात एक कागद चिकटवलेला दिसला. त्यावर टाइप केलं होतं, की प्रत्येक रहिवाशाला खासगीपणाचा हक्क आहे आणि ऑप्टिकल उपकरणांच्या वापरात संयम पाळावा. नाव कुणाचंच नव्हतं. पण संध्याकाळी तळमजल्यावरच्या फ्राऊ फ्लायडरर स्वतः दार वाजवून आल्या. मला वाटलं, आता भांडण. त्या उलट समजुतीच्या सुरात म्हणाल्या, की मी लोकांना सांगितलंय, हेर रामटेके सज्जन आहेत, ते पक्षी बघतात. हां, जिना झाडायची पाळी त्यांची असते तेव्हा ते पायऱ्यांचे कोपरे सोडतात, तिसऱ्या पायरीचा डावा कोपरा तर ऑगस्टपासून तसाच आहे, पण माणूस सज्जन.

मी कोपऱ्यांबद्दल क्षमा मागितली. दुर्बीण नसताना बाईंना एवढं दिसतं, तर हेर आयझेलेंना यांचीच भेट द्यावी, असा विचार मनात आला. तो मी तक्त्यात लिहिला नाही.

आता एक खरोखरीची अडचण उभी राहिली. रात्री वाचता वाचता कळलं, की आठ बाय छप्पनमधून सात मिलिमीटर जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. तो पुरता आत जायचा तर अंधारात डोळ्याची बाहुली सात मिलिमीटर उघडायला हवी. तरुणांची उघडते. साठीनंतर बहुतेकांची पाच-साडेपाचवर थांबते. म्हणजे हेर आयझेलेंची बाहुली पाचचीच असेल, तर एवढं थोरलं भिंग आणि एवढं वजन गळ्यात अडकवून उपयोग शून्य. आठ बाय बेचाळीस तेवढंच दाखवेल, निम्म्याहून थोड्या जास्त वजनात.

थोडक्यात, मला साहेबांच्या डोळ्यांचं माप हवं होतं. आणि भेट गुपित असल्यामुळे ते त्यांच्या नकळत घ्यायचं होतं.

आमच्याकडे हेडलाइट तपासायचा एक लांब काळोखा बोगदा आहे. "एका नमुन्याबद्दल तुमचं मत हवंय," असं सांगून मी हेर आयझेलेंना गुरुवारी तिथं नेलं. दिवे मालवले. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा मिनिटं थांबावं लागतं, ते दोघांच्याही सवयीचं होतं. मग मी लाल रंगाचा अगदी मंद दिवा लावला, खिशातून मिलिमीटरच्या खुणांचं कार्ड काढून बोटांत लपवलं आणि त्यांच्या चेहऱ्याजवळ गेलो. आणखी जवळ गेलो. खूण नीट वाचायला साधारण वीतभर अंतर लागतं. एवढ्या अंतरावरून डोळे न मिटता बघितलं की डोळ्यांना पाणी येतं. ते माझ्या आलं.

हेर आयझेले हलले नाहीत. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हेर रामटेके," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मलाही हे सोपं जात नाहीये."

आमच्या या श्वाबेन भागातला माणूस भावना बोलून दाखवतो ती तीन प्रसंगी: लग्न, मृत्यू आणि गाडी विकताना. मी "जा," म्हणजे "हो," एवढंच म्हणालो. ते नाक शिंकरून म्हणाले, "छत्तीस वर्षं. या बोगद्यात मी पहिल्यांदा आलो तेव्हा भिंतींना रंगसुद्धा नव्हता." मग ते वीस मिनिटं बोलले. वारलेल्या सहकाऱ्यांबद्दल, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी नक्की काय करायचं असतं त्याबद्दल. मी माप घ्यायला आलेला माणूस, तिथं खुर्चीवर बसून ऐकत राहिलो आणि मला स्वतःची चांगलीच लाज वाटली. पाच पूर्णांक एक मिलिमीटर. हे मी लाज वाटायच्या आधी वाचलं होतं.

आता उरली रानातली चाचणी. शनिवारी संध्याकाळी मी आणि बाबा शहराबाहेरच्या जंगलात गेलो. तिन्ही दुर्बिणी माझ्या गळ्यात, उजेड मोजायचं यंत्र एका हातात, तक्ता दुसऱ्या हातात. बाबांच्या हातात काही नव्हतं. ते पानांवरून चालत होते आणि आवाज माझ्या पायांचा येत होता.

झाडीच्या कडेला, एका गवताळ मोकळवणीसमोर, लाकडी शिडी आणि वर छपरी असलेला उंच माळा दिसला. शिकारी बसतात तो. जर्मनमध्ये होखझित्स. बाबांचा चेहरा इथं आल्यापासून पहिल्यांदा उजळला.

"मचाण!"

मी शिडीला ठोकलेली पाटी वाचत होतो. 'चढण्यास मनाई' हा भाग वाचून 'जबाबदारी' या शब्दापर्यंत आलो तेव्हा वरून आवाज आला, "जावईबापू, वर या. इथून फार छान दिसून राहिलं." सदुसष्ट वर्षांचा माणूस पाटी वाचून होण्याआधी वर पोचला होता.

"बाबा, अहो, खाली उतरा! मनाई आहे!"

"हळू बोला. जनावर आहे."

मी खाली उभा राहून हळू आवाजात कायदा सांगू लागलो. माझी घालमेल समजून घ्या. जर्मन नागरिकत्वासाठी मी अर्ज केला होता आणि अधिकाऱ्यांची भेट बरोबर बारा दिवसांवर होती. त्या फॉर्मवर एक प्रश्न आहे: तुमच्याविरुद्ध कुठली चौकशी चालू आहे का? त्यासमोर 'नाही'वर फुली मारताना मला जितकं हलकं वाटलं होतं, तितकं आयुष्यात फार कमी वेळा वाटलंय.

"गुटन आबेंड," मागून कुणीतरी म्हणालं. शुभ संध्याकाळ. ती शुभ वाटेल असा सूर नव्हता.

पन्नाशीची एक बाई. हिरवं जाकीट, खांद्याला बंदूक, दोरीला बुटका, डाकेल जातीचा कुत्रा. हे रान शिकारीसाठी तिच्याकडे भाडेकरारानं होतं. नाव फ्राऊ वेंडेल. तिनं माझ्या गळ्यातल्या तीन दुर्बिणी मोजल्या, मग वर बघितलं.

"वर कोण आहे?"

"माझे सासरे," मी म्हणालो. या उत्तरानं काही सुटेल असं मला का वाटलं, माहीत नाही.

ती रागानं पण दबक्या आवाजात बोलत होती. तासाभरापूर्वी पलीकडच्या रस्त्यावर एका गाडीनं हरणाला धडक दिली होती. हरीण उठून रानात पळालं होतं. पोलिसांनी तिला कळवलं होतं. जखमी जनावर अंधार पडायच्या आत शोधून, गोळी घालून त्याची यातनांतून सुटका करायची, हे तिचं कर्तव्य होतं. आणि इथं दोन माणसं सहल करत होती. "तुमचं नाव आणि पत्ता द्या. हे मला कळवावं लागेल."

बारा दिवस. मी खिशात ओळखपत्र शोधू लागलो. तेवढ्यात वरून बाबांचा आवाज आला. तोच आवाज, ज्यानं चौतीस वर्षं गोंदियाच्या जंगलात बैलगाड्या थांबवल्या होत्या.

"तिला परमिट विचारा."

"बाबा!"

"बंदूक घेऊन रानात फिरून राहिली. परमिट दाखवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचं नाही. विचारा."

मी हे भाषांतरित करणार नव्हतो. देवाशप्पथ म्हणण्याची आमच्यात पद्धत नाही, पण करणार नव्हतो. पण 'परमिट' हा शब्द तिला माझ्या मदतीशिवाय कळला. तिनं वर बघितलं. बाबा माळ्यावरून हात पुढे करून बसले होते. फ्राऊ वेंडेलच्या चेहऱ्यावरून दोन-तीन भाव गेले. मग तिनं जाकिटाच्या आतल्या खिशातून शिकारीचा परवाना काढला आणि शिडीच्या तीन पायऱ्या चढून बाबांच्या हातात दिला.

बाबांना जर्मन येत नाही. त्यांनी परवाना पूर्ण वाचला. फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, शिक्का उजेडाकडे धरला, मागची बाजू बघितली आणि परत दिला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आता विचारा, काय शोधून राहिली."

"वीस वर्षांत," फ्राऊ वेंडेल मला म्हणाली, "हा परवाना मला कुणीही विचारलेला नाही. कोण आहेत हे?"

मी सांगितलं, वनखात्यात होते. तिचा आवाज एकदम बदलला. धडक बसलेल्या हरणाची गोष्ट मी बाबांना सांगितली. त्यांनी वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. मोकळवणीच्या पलीकडच्या काठाकडे बोट केलं. "ते पाहा. आपल्या भेकरासारखं. मी चढलो तेव्हापासून बसून आहे. उठत नाही."

आता फ्राऊ वेंडेलनंच मला वर बोलावलं. अशा रीतीनं मी त्या माळ्यावर मालकिणीच्या परवानगीनं चढलो, हे मी इथं मुद्दाम नोंदवतो. तिघं एका फळीवर. कुत्रा खाली, नाराज. दीडशे मीटरवर गवतात एक करडा-तांबूस ठिपका. मला तो दगड वाटला असता. तिनं बंदुकीच्या दुर्बिणीतून बघितलं. "मादी. बसलीये, गवतामुळे पुरती दिसत नाही. पण एवढं बोलूनही उठत नाही, म्हणजे तीच." ती बंदूक कठड्यावर टेकवू लागली.

बाबांनी कठड्यावर हात ठेवला. बंदुकीवर नाही, तिच्या शेजारी.

"जबडा पाहायला सांगा. रवंथ करून राहिली का? मार लागलेलं जनावर रवंथ करत नाही. गाय असो, की चितळ, की हे."

मी ते सांगितलं. ती थांबली. तिला हे ठाऊक असावं, कारण तिनं मान डोलावली. पण तिच्या दुर्बिणीतून डोकं नीट दिसेना. उजेड भराभर जात होता. बाबांनी माझ्या गळ्यातली दहा बाय बेचाळीस लावून बघितली आणि परत दिली. "हलते. अन् माझ्या डोळ्यांना आता या उजेडात होत नाही. तुम्ही पाहा."

मी आठ बाय छप्पन उचलली. कोपर कठड्यावर टेकवलं. चाक फिरवलं.

गेला आठवडाभर मी दुर्बिणी तपासत होतो. दुर्बिणीतून बघितलं ते त्या क्षणी. बाहेर सगळं राखी झालं होतं आणि आत तो हिरवट उजेड अजून शिल्लक होता, कुणीतरी राखून ठेवल्यासारखा. गवताची पाती सुटी सुटी दिसत होती. त्यांच्यामागे एक काळं ओलं नाक, एक कान माझ्याकडे वळलेला, एक मागे. आणि खालचा जबडा. डावीकडे, उजवीकडे. थांबला. गळ्यातून काहीतरी वर सरकलं. पुन्हा डावीकडे, उजवीकडे.

"रवंथ करतेय," मी म्हणालो. मग जर्मनमध्ये तेच.

"तुमची खात्री आहे?" फ्राऊ वेंडेलनं विचारलं. बोट अजून बंदुकीपाशीच होतं.

अकरा वर्षांत मी कुठल्याही गोष्टीची तीनदा मोजल्याशिवाय खात्री दिलेली नाही. माझ्या अहवालांत 'बहुधा' हा शब्द दर पानाला असतो, त्यावरून विनोदही होतात. आणि तिथं तीन वेळा मोजायला वेळ नव्हता. मी चुकलो असतो तर एक जखमी जनावर रात्रभर तडफडलं असतं, आणि ते माझ्यामुळे.

"खात्री आहे," मी म्हणालो.

ती बंदूक तशीच धरून बसली. दोन मिनिटं, कदाचित पाच. मग ती मादी उठली. आधी मागचे पाय, मग पुढचे. एक मागचा पाय लांब ताणला, मग दुसरा, एखादी बाई दुपारची झोप काढून उठते तशी. मागचा उजवा पाय टाकताना जरा जपत होती. चार घास गवत खाल्लं आणि झाडीत गेली.

फ्राऊ वेंडेलनं बंदुकीतली गोळी काढून घेतली. "उद्या सकाळी कुत्र्याला घेऊन पुन्हा बघीन," ती म्हणाली. मग माझं नाव, पत्ता आणि फोन नंबर वहीत लिहून घेतला. मी विचारलं नाही कशासाठी. बाबा गाडीत म्हणाले, "बाई प्रामाणिक आहे. आता पंचनामा करील."

त्यापुढचे चार दिवस मी टपालपेटी दिवसातून सहादा उघडली. फ्राऊ फ्लायडरर काळजीनं बघू लागल्या. क्रांती म्हणाली, "फार तर दंड होईल." ज्याच्या फॉर्मवर नुकतीच फुली वाळलीये त्याला हे सांगून उपयोग नसतो. पाचव्या दिवशी पाकीट आलं. आत हातानं लिहिलेलं एक पत्र. सकाळी कुत्र्यानं सगळी बाजू पालथी घातली, रक्ताचा थेंब नाही. मंगळवारी संध्याकाळी तीच मादी, उजवा पाय किंचित जपणारी, दोन पिल्लांसह त्याच मोकळवणीत चरताना दिसली. खाली लिहिलं होतं, की तक्रार करण्याचा विचार सोडला आहे, आणि तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार. बाबांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या वेळी पिल्लांच्या ओळीपासून.

अहवाल मी चौदा पानांचा केला. शिफारस: आठ बाय बेचाळीस. कारणं दिली, फक्त डोळ्यांचं माप 'उपलब्ध माहितीनुसार' असं घातलं. मंगळवारी कॉफीच्या खोलीत तो सगळ्यांसमोर ठेवला. फ्राऊ श्टाइननी पहिलं पान वाचलं, "फारच सखोल," म्हणाल्या, आणि मग मतदान झालं. आठ बाय छप्पन, आठ विरुद्ध एक. तिचा खोका मोठा होता. व्यासपीठावर द्यायला बरा दिसतो, असं सर्वांचं मत पडलं. हेर आयझेले निरोपसमारंभात ती गळ्यात घालून तीन तास फिरले, जेवलेही तशीच घालून. कितीची भिंगं आहेत ते त्यांनी विचारलं नाही. नागरिकत्वाच्या भेटीत अधिकारी बाईंनी छंद विचारला तेव्हा "निसर्गनिरीक्षण" असं मी म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फ्राऊ वेंडेलचा फोन आला. शनिवारी संध्याकाळी ती रानडुकरांसाठी माळ्यावर बसणार होती. तुमच्या सासऱ्यांना बसायला आवडेल का? तुम्हीही या, भाषांतरापुरते. अट एकच, अजिबात बोलायचं नाही.

बोलायचं नसताना भाषांतरकाराला बोलावणं हा माझ्या मानाचा विषय आहे, पण मी गेलो. पुन्हा तिघं त्याच फळीवर. तिनं मला तिची एक जुनी दुर्बीण दिली, बाबांना पांघरायला लोकरी ब्लँकेट. सूर्य खाली गेला. मोकळवणीच्या डावीकडे मक्याचं कापलेलं शेत होतं आणि डुकरं तिथं रोज येतात असं तिनं खुणेनं सांगितलं. वीस मिनिटं झाली. पलीकडच्या झाडीत काहीतरी हललं. फ्राऊ वेंडेल ताठ झाली. मीही दुर्बीण उचलली. काळे गोळे, तीन, मग चार, काठाशी येऊन थांबलेले.

आणि बाबा घोरू लागले.

साधंसुधं घोरणं नव्हे. आधी शिट्टी, मग खरखर, मग मधे एक भीतिदायक शांतता, मग एकदम सगळं पुन्हा. झाडीत पालापाचोळा उधळला आणि काळे गोळे दिसेनासे झाले. मी बाबांना हलवायला हात पुढे केला. फ्राऊ वेंडेलनं मान हलवून मला थांबवलं. त्यांच्या खांद्यावरून घसरलेलं ब्लँकेट तिनं नीट केलं. "राहू दे," ती कुजबुजली. "वयानं थकतात." मग तिनं बंदूक बाजूला ठेवली, थर्मासमधला चहा ओतला, आणि आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत ते ऐकत बसलो. त्या संध्याकाळी त्या रानात एकही जनावर मेलं नाही.

निघताना बाबा डोळे चोळत खाली उतरले, तिला हात जोडले. ती म्हणाली, पुढच्या शनिवारी पुन्हा या, नक्की. मी भाषांतर केलं. बाबांनी गंभीरपणे मान डोलावली.

गाडीकडे चालताना ते पुढे होते. पानांवर त्यांच्या पायांचा आवाज येत नव्हता. मी म्हणालो, "बाबा, दमलात का? झोप लागली तुम्हाला."

"चौतीस वर्षं मचाणावर बसलो, जावईबापू," ते मागे न बघता म्हणाले. "एकदाही डोळा लागला नाही."

मी जागच्या जागी उभा राहिलो. मग पळत त्यांना गाठलं.

"बाबा, तुमचं परतीचं तिकीट कधीचं आहे हो?"

"अजून चार शनिवार आहेत," ते म्हणाले आणि गाडीत बसून पट्टा लावला.